साहेबांचा पहिला घास

रानबाईची झाडं मारली, तेव्हा तिला तिथे उभं राहावं लागलं होतं. संग्रह ज्याच्या ताब्यात, त्यानेच समोर राहून तो नष्ट करून घ्यायचा, असा बटाटा संशोधन केंद्राचा नियम होता. काचघरातल्या मांडण्यांवरून एकेक कुंडी खाली येत होती. माळी झाड बुडाशी धरून उपटत, माती झटकत आणि पोत्यात कोंबत. मुळांना गोट्यांएवढे कंद लोंबत होते, काही जांभळे, काही काळपट. एका जातीचे तर अगदी वाटाण्याएवढे. पोती भरली की वाफेच्या भट्टीत जात. भट्टीचं झाकण उघडलं की उकडलेल्या पाल्याचा उग्र वास सगळ्या आवारात पसरे.

"बाई, तुम्ही बाहेर बसा ना," म्हातारा माळी म्हणाला. "आम्ही करतो सगळं."

"नियम आहे," ती म्हणाली, आणि शेवटचं पोतं आत जाईपर्यंत जागची हलली नाही.

ती रडली नाही. हात धुतले, ओला झगा खुंटीला अडकवला आणि मनाशी एकच गोष्ट पक्की केली. ज्याने हे करायला लावलं, त्याला ती सोडणार नव्हती. कसं आणि केव्हा, ते तिला ठाऊक नव्हतं. घाईही नव्हती.

ज्याने हे करायला लावलं तो केंद्राचा संचालक होता, आणि तिच्या सख्ख्या थोरल्या बहिणीचा नवरा.

रानबाई हे नाव तिला माळ्यांनी दिलं होतं. केंद्रातले बाकी सगळे गुबगुबीत, गोऱ्या, बाजारी बटाट्यांवर काम करत. ही एकटीच रानटी जातींच्या मागे. उंच डोंगरांत, दगडांच्या कपारींत भटकून तिने त्या गोळा केल्या होत्या. लग्न केलं नाही, घर थाटलं नाही. आवारातल्या दोन खोल्या आणि रविवारी ताईकडचं जेवण, एवढाच तिचा प्रपंच. बाकी जीव सगळा काचघरात.

पाहुणे आले की ती त्यांना आधी एक लवदार पान दाखवी. त्या लवेला बारीक चिकट थेंब असत. मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, बसला की त्याचे पाय तिथेच अडकत आणि तो वाळून जाई. मग दुसरं झाड. त्याच्या पानावर ती भुंगेरा सोडी. भुंगेरा एक लचका तोडी, थबके, आणि सरळ खाली पडून चालू लागे. पाहुणे हसत. "या रानटी बटाट्याला पळून जाता येत नाही," ती सांगे, "म्हणून हा अंगात कडू साठवतो. पानात, कोंबात, सालीत. आपण खातो त्या बटाट्यातही ते आहे, फक्त माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या सौम्य कंद निवडत निवडत ते कमी करत आणलं. तरी उजेडात ठेवून बघा, कसा हिरवा पडतो आणि घसा धरतो ते. विसरलेला नाही तो काही."

या कडू द्रव्यांना शास्त्रात मोठी नावं आहेत, सोलानिन वगैरे. रानबाईचं शिक्षण त्यातच झालेलं. कुठल्या जातीत किती, कशाने वाढतं, किती पोटात गेलं की माणूस आजारी पडतो, हे तिला तोंडपाठ होतं. अशाच एका रानटी जातीचं रक्त घालून तिने एक नवा वाण तयार केला होता. त्याला कीड शिवत नव्हती. शेत फवारणीशिवाय उभं राहत होतं. केंद्रात आनंदीआनंद झाला, पण ती स्वतः भाऊजींच्या खोलीत जाऊन बसली.

"भाऊजी, हा अजून बाजारात सोडू नका."

"का गं? स्वतःच्या बाळाला दृष्ट लागेल म्हणून?"

"चेष्टा नाही. पाणी नीट मिळालं, अंधारात ठेवला, तर हा चांगला आहे. पण पाणी कमी पडलं, काढताना ठेचकाळला, उजेडात पडून राहिला, की यातलं कडू भलतंच वाढतं. आणि ते शिजवून जात नाही."

भाऊजींनी उकडलेली एक फोड मागवली. डोळे मिटले, फोड जिभेवर घोळवली. ही त्यांची ख्याती होती. यंत्रावर ज्याचा आकडा यायला आठवडा लागे, ते साहेबांची जीभ एका घासात सांगते, असं लोक म्हणत. बियाण्याचे व्यापारी त्यांना मागे 'जीभसाहेब' म्हणत आणि पुढे हात जोडत.

"मला तर काही लागत नाही," ते म्हणाले. "लोण्यासारखा आहे."

वाण बाजारात गेला. पुढच्याच हंगामात पाऊस कमी झाला, आणि एका वसतिगृहातली मुलं रात्रीच्या जेवणानंतर एकामागून एक ओकू लागली. पोटात पिळवटून येत होतं, डोकी दुखत होती. सगळी वाचली, पण काहींना दवाखान्यात बरेच दिवस काढावे लागले. चौकशी समिती बसली. समितीपुढे भाऊजी शांतपणे म्हणाले, "वाण हिचा. धोका आहे असं हिने माझ्या कानावर कधीही घातलं नाही. घातलं असतं तर मी सोडला असता का?"

रानबाईची साक्ष दुसऱ्या दिवशी होती. त्या संध्याकाळी ताई तिच्या खोलीवर आली. ताईने लहानपणी तिची वेणी घातली होती, परीक्षेच्या दिवसांत तिला उठवायला स्वतः आधी उठली होती. ती कॉटच्या कडेवर बसली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"तू त्यांना सांगितलं होतंस?"

"हो."

"मला वाटलंच." ताईने बोटावरचं पदराचं टोक सोडलं. "तुझी नोकरी जाणार नाही, असं त्यांनी मला वचन दिलंय. त्यांचं मात्र सगळंच जाईल गं. मुलीचं लग्न तोंडावर आलंय. या वेळेस मूग गिळून बस. माझ्यासाठी."

रानबाई गप्प बसली. समितीने विचारलं तेव्हा ती फक्त म्हणाली, "मला काही सांगायचं नाही." समितीवरच्या एक बाई तिच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या, पण त्यांनी पुढे काही विचारलं नाही. नोकरी खरंच राहिली. तिची बदली शीतगृहावर झाली, आणि 'विषारी सामग्री आवारात नको' म्हणून भाऊजींनी काचघर रिकामं करायचा हुकूम काढला. तिने त्यांच्यासाठी तोंड मिटलं होतं, आणि त्यांनी तिची झाडं उकडून काढली. वसतिगृहातल्या मुलांचे चेहरे आठवले की तिला अपराधी वाटे. पोत्यांत कोंबलेली झाडं आठवली की दुसरंच काहीतरी वाटे, आणि ते अपराधापेक्षा जास्त दिवस टिकलं.

शीतगृह म्हणजे बिनखिडक्यांची लांबच लांब खोली. जाड दार, मंद दिवे, पंख्यांची घरघर, आणि छतापर्यंत रचलेल्या बियाणे बटाट्याच्या जाळ्या. रानबाई लोकरी टोपी घालून फिरत असे. तिथे काम काय, तर कोंब येऊ द्यायचे नाहीत, कूज पसरू द्यायची नाही आणि उजेड आत येऊ द्यायचा नाही. ती ते चोख करत असे. रविवारी ताईकडे जेवायला जात असे. भाऊजी तिला वाढायला सांगत, हसत, "काय म्हणतंय तुझं थंड राज्य?" असं विचारत. तीही हसून उत्तर देत असे. तिच्या मनात काय आहे ते कोणालाही दिसलं नाही.

वर्षं गेली. मुलीचं लग्न झालं. साहेबांचे केस पांढरे झाले आणि ख्याती वाढली. मग एका हिवाळ्यात त्यांना मोठा ताप आला. पंधरवडाभर अंथरुणाला खिळून होते. त्यातून उठले, कामावर आले, सगळं पूर्वीसारखं सुरू झालं.

त्यानंतर कधीतरी ताई आणि रानबाई स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसल्या होत्या. ताई हसत हसत म्हणाली, "अगं, काल गंमत झाली. मी भाजीत मीठच घालायला विसरले. माझा पहिला घास तोंडात अडकला. आणि हे? गुपचूप जेवले, वर म्हणतात, झकास झालीय! माणूस म्हातारपणी सुधारतो म्हणायचा."

"वास येतो का त्यांना?" रानबाईने शेंग सोलता सोलताच विचारलं.

"परवा दूध करपलं तर शेजारीण धावत आली. हे तिथेच बसले होते, पेपर वाचत." ताईचे हात क्षणभर थांबले. मग ती घाईघाईने म्हणाली, "कामात असले की त्यांना भान नसतं. तू काही कोणाला बोलू नकोस हं."

"छे! मी कोणाला सांगतेय?"

पुढच्या रविवारी ती एक लहानसा बटाटा रुमालात गुंडाळून घेऊन आली. शीतगृहाच्या दाराबाहेर, उन्हाच्या पट्ट्यात तो बरेच दिवस पडू दिलेला. ताई अंघोळीला गेली तेव्हा तिने तो वेगळ्या भांड्यात उकडला, हिरवी साल काढली, टोकाचा कण जिभेवर ठेवला आणि लगेच थुंकला. घसा चरचरला. तिने त्याची एकच फोड भाऊजींच्या ताटात, इतर फोडींच्या मध्ये ठेवली. एका फोडीने माणसाला काही होत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं.

भाऊजी बोलत बोलत जेवत होते. ती फोड त्यांनी उचलली, चावली, गिळली. कपाळावर आठी नाही, ओठ मुडपणं नाही.

"कसे आहेत बटाटे?" तिने विचारलं.

"लोण्यासारखे," भाऊजी म्हणाले.

रानबाईने मान खाली घातली आणि जेवू लागली. इतक्या वर्षांत प्रथमच तिला त्या घरचं जेवण गोड लागलं.

आता ती त्यांच्यावर डोळ्यात तेल घालून नजर ठेवू लागली. चव बघायच्या बैठकीत साहेब आता कधीच आधी बोलत नसत. फोड तोंडात ठेवून ते डोळे मिटत, पण पापण्या पूर्ण मिटलेल्या नसत. फटीतून ते समोरच्यांचे चेहरे वाचत. कोणी "जरा पिठूळ आहे" म्हणालं की मगच साहेब सावकाश म्हणत, "पिठूळ. आणि मागून किंचित गोडवा." सगळे माना डोलावत. इतकं सोपं होतं ते.

आणि त्याच सुमारास साहेबांचा नवा वाण तयार झाला. निवृत्तीच्या आधीचं शेवटचं मोठं काम. त्याला कीड लागत नाही म्हणून केंद्राने आतापासूनच डंका पिटायला सुरुवात केली होती. जाळ्या शीतगृहात आल्या, तेव्हा रानबाईने एक कंद हातात घेऊन फिरवला. डोळ्यांची ठेवण, सालीवरची ती जांभळट झाक. आईने लेकराचं नाक ओळखावं तसं तिने ओळखलं. तिचा संग्रह भट्टीत घालताना भाऊजींनी तिच्या त्या वाणाची काही रोपं बाजूला काढून ठेवली होती. बाजारी बटाट्याशी पुन्हा पुन्हा संकर करून तीच आता स्वतःच्या नावाने आणली होती. तिची झाडं विषारी म्हणून मारली, आणि त्यांचंच रक्त वापरलं!

सुट्टीच्या दिवशी तिने प्रयोगशाळेत जाऊन मोजणी केली. अंधारातल्या, नीट वाढलेल्या कंदांत कडू बेताचं होतं. पण केंद्राच्या शेताच्या उत्तरेकडच्या खडकाळ पट्ट्यात, जिथे पाणी कमी पडलं होतं, तिथल्या कंदांत ते मर्यादेच्या बरंच वर होतं. ठेचून, उजेडात ठेवलेल्यांत त्याहून वर. तेच जुनं दुखणं.

या वेळी ती भाऊजींच्या खोलीत सांगायला गेली नाही.

तिला कळत होतं की हा वाण बाजारात गेला तर पुन्हा कुठेतरी पोरं ओकतील, आणि ते थांबवायलाच हवं. अध्यक्षबाईंकडे जाऊन आकडे ठेवले असते तर ते थांबलंही असतं. अध्यक्षबाई म्हणजे त्याच, चौकशीत तिच्याकडे बघत राहिलेल्या. आता केंद्राच्या नियामक मंडळावर त्यांचा शब्द शेवटचा होता. पण मग काय झालं असतं? भाऊजी म्हणाले असते, "बरं झालं लक्षात आलं," आणि चार दिवसांनी सन्मानाने निवृत्त झाले असते. तेवढ्यावर तिचं भागणार नव्हतं. ज्या जिभेने ते खोटं बोलले होते, तीच जीभ तिला भर सभेत उघडी पाडायची होती.

नव्या वाणाच्या अनावरणाच्या तयारीची बैठक झाली. साहेबांची नेहमीची पद्धत होती की पाहुण्यांना आधी वाढायचं. रानबाईने सगळ्यांसमोर हात वर केला.

"माझं एक सुचवणं आहे. साहेबांचा हा शेवटचा वाण. पहिला घास त्यांनीच घ्यावा, मंचावर, सगळ्यांसमोर. त्यांनी चव सांगावी आणि मगच पाहुण्यांनी खावं. त्यांच्या जिभेचा मान म्हणून."

टाळ्या पडल्या. भाऊजींनी तिच्याकडे बघितलं. क्षणभर त्यांच्या नजरेत काहीतरी चाचपडलं. पण नाही म्हणायला कारण काय द्यायचं?

"मेहुणीने आयुष्यात पहिल्यांदा माझं कौतुक केलंय," ते म्हणाले. "नाही कसं म्हणू?"

बटाटे निवडून द्यायचं काम शीतगृहाचं, म्हणजे तिचंच. तिने उत्तरेच्या पट्ट्यातले, यंत्राने काढताना ठेचकाळलेले कंद घेतले आणि दाराबाहेर उजेडात मांडले. म्हाताऱ्या माळ्याने जाता-येता बघितलं. "बाई, हिरवे पडतायत की," तो म्हणाला. "पडू देत," ती म्हणाली. माळ्याने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि तो आपल्या वाटेने निघून गेला. अनावरणाच्या सकाळी तिने स्वतः साली काढल्या. उपाहारगृहातल्या आचाऱ्याला म्हणाली, "फक्त उकडा. थोडं लोणी. मसाला नको, मूळ चव कळली पाहिजे." पाहुणे एक घास घेतील आणि थुंकतील, तेवढ्याने कोणाला बाधणार नाही, असा तिचा हिशेब होता. भाऊजीही एकच घास घेतील. एक घास, "लोण्यासारखा" हा शब्द, आणि मग सगळ्या सभागृहाचे वाकडे झालेले चेहरे. बस्स.

सभागृह भरलं होतं. व्यापारी, शेतकऱ्यांचे पुढारी, पत्रकार. पहिल्या रांगेत ताई बसली होती, ठेवणीतली साडी नेसून, नवऱ्याकडे अभिमानाने बघत. मंचावर भाऊजींच्या शेजारी अध्यक्षबाई. सगळ्यांच्या हातात बश्या पोचल्या, पण सगळे थांबले होते.

भाऊजींनी फोड तोंडात ठेवली. डोळे मिटले. समोर वाचायला चेहरे नव्हते. तीनशे माणसं त्यांच्याच चेहऱ्याकडे बघत होती.

"लोण्यासारखा," ते म्हणाले. "आणि मागून किंचित गोडवा."

मग सगळ्यांनी खाल्लं. कोणीतरी खोकलं. एका व्यापाऱ्याने रुमाल तोंडाला लावला. मागच्या रांगेतून आवाज आला, "अहो, हे तर कडूजहर आहे!" खुर्च्या सरकल्या. लोक पाणी मागू लागले. अध्यक्षबाईंनी घास बशीच्या कडेला काढून ठेवला आणि भाऊजींकडे वळून विचारलं, "तुम्हाला हे गोड लागलं?"

रानबाई भिंतीपाशी उभी होती. हाच तो क्षण. तिला वाटलं होतं, भाऊजी गडबडतील, तोंडघशी पडतील. पण ते हसले.

"नव्या चवीला जीभ तयार व्हावी लागते," ते म्हणाले. "दोन घास खाऊन बघा." आणि त्यांनी दुसरी फोड उचलली. मग तिसरी. बशी संपली तेव्हा त्यांनी शेजारची बशी पुढे ओढली.

चव गेली तरी घशाची जळजळ कळते, हे रानबाईला माहीत होतं. त्यांनी मध्येच पाण्याचा पेला उचलला आणि घटाघटा प्यायले. डोळ्यांत पाणी आलं होतं. म्हणजे काहीतरी बिनसलंय हे त्यांना कळत होतं. तरी ते खातच होते, आणि हसत होते. तिने मनात मोजायला सुरुवात केली, किती फोडी, त्यात किती कडू, त्यांचं वजन किती. हिशेब मर्यादा ओलांडून पुढे गेला. एक हाक मारायची होती फक्त. "भाऊजी, पुरे." तिने तोंड उघडलं. भट्टीचं झाकण उघडल्यावर येणारा तो वास तिला आठवला, आणि तिने तोंड मिटून घेतलं.

ताईने घास थुंकला होता. ती बशीकडे बघत होती. मग तिने मान वळवली आणि भिंतीपाशी उभ्या असलेल्या बहिणीकडे बघितलं. त्या एका नजरेत तिला सगळं समजलं. ती उठली, ठेवणीतल्या साडीचा घोळ हातात धरून पायऱ्या चढली, आणि नवऱ्याच्या हातातली बशी तिने हिसकावून घेतली.

"सोडा! खाऊ नका हो! त्यांना चव कळत नाही! तापापासून काहीच कळत नाही त्यांना, वासही नाही! कोणीतरी थांबवा त्यांना!"

बशी खाली पडून फुटली. भाऊजी बायकोकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा दिसत होता. रानबाईला वाटलं होतं त्याहून कितीतरी जास्त झालं होतं, आणि तिच्या मनात आलं, बरं झालं.

दिवस मावळायच्या आत भाऊजींना ओकाऱ्या सुरू झाल्या. दवाखान्यात नेलं, सलाइन लावलं. आठवडा त्यांनी तिथे काढला. वाण रद्द झाला. वर्तमानपत्रांनी 'जीभसाहेबांची गेलेली जीभ' म्हणून चवीने मथळे दिले. अध्यक्षबाईंनी रानबाईला बोलावून घेतलं.

"ते बटाटे तुम्ही मुद्दाम निवडले?"

"हो. उत्तरेच्या पट्ट्यातले. शेतकऱ्याच्या शेतात आणि दुकानदाराच्या टोपलीत असतात तसे."

"आम्हाला आधी सांगता आलं असतं."

"मागच्या वेळी साहेबांना आधी सांगितलं होतं."

अध्यक्षबाई काही वेळ पेन फिरवत राहिल्या. "तेव्हा मी तुम्हाला अजून एक प्रश्न विचारायला हवा होता," त्या म्हणाल्या. कडू बटाटे सभेत वाढल्याबद्दल रानबाईवर ठपका आला. काचघरही परत मिळालं.

भाऊजींना घरी सोडायच्या आदल्या दिवशी ती दवाखान्यात गेली. ताई औषधं आणायला गेली होती. भाऊजी उशीला टेकून बसले होते, गालफडं बसलेली.

"झाडांसाठी केलंस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मुलांसाठी नाही?"

"मुलांसाठीही. पण आधी झाडांसाठी."

ते खिडकीकडे बघू लागले. मग म्हणाले, "तेव्हा, माझ्या खोलीत, मी ती फोड मागवली ना, तेव्हा माझी जीभ शाबूत होती. मला कडू लागलं होतं."

इतकी वर्षं रानबाईला वाटत होतं की हा माणूस निष्काळजी आहे आणि भित्रा आहे. त्याला कडू लागलं होतं, आणि त्याने लोणी म्हटलं होतं. मंचावर तिने हाक गिळली, त्याची जी बारीक टोचणी तिला आठवडाभर होती, तीही त्या वाक्याने गेली.

"बरे व्हा," ती म्हणाली आणि निघाली. दारात ताई उभी होती, औषधाची पिशवी घेऊन. तिने ऐकलं की नाही, कळलं नाही. ती बाजूला सरकली आणि रानबाईला जाऊ दिलं.

त्यानंतर रविवार आले आणि गेले. रानबाई खोलीवरच जेवू लागली. इतर केंद्रांतून मागवलेलं रानटी बटाट्यांचं बी काचघरात उगवू लागलं. लवदार पानांची जात मिळाली. वाटाण्याएवढ्या कंदांची मात्र कोणाकडेच नव्हती.

पुढच्या हंगामात एका दुपारी काचघराचं दार उघडलं आणि ताई आत आली. वाळली होती. मांडण्यांमधून हळूहळू चालत ती पुढे आली, एका रोपाचं पान बोटांनी चाचपून बघितलं आणि चिकट बोटं पदराला पुसली.

"मी तुला सहज बोलले होते ते," ती म्हणाली. "शेंगा सोलताना."

"माहीत आहे."

"नवऱ्याचं असं दुसऱ्या कोणाजवळ बोलले नसते."

"तेही माहीत आहे." रानबाईने हातातली झारी खाली ठेवली. "आणि तू मला गप्प बसायला सांगितलंस, तेव्हा मीही दुसऱ्या कोणासाठी गप्प बसले नसते."

ताईने मान हलवली. भांडायला आलेली नव्हती ती.

"जेवतात का नीट?" रानबाईने विचारलं.

"जेवतात. आता विचारतात मला, कसं झालंय म्हणून. मी सांगते ते ऐकून घेतात." ताई दाराकडे वळली. "त्यांना सोडायचं नव्हतं तुला, ते मी समजू शकते. पण माझ्या तोंडून काढून घेऊन, माझ्याच तोंडून वदवून घेतलंस. मंचावर. ते नाही समजू शकत."

ती गेली. रानबाई जागीच उभी राहिली. भाऊजींच्या बाबतीत तिला पुन्हा संधी मिळाली असती, तर तिने पुन्हा तेच केलं असतं. त्याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. पण ताईबद्दल तिला तसं म्हणवेना. झारी तशीच ठेवून ती काचेपाशी गेली. काचेतून तिला ताई आवाराच्या फाटकापर्यंत दिसत राहिली. तिथे म्हाताऱ्या माळ्याने तिला नमस्कार केला, आणि ताई थांबून त्याच्याशी दोन शब्द बोलली.